विचारा, सांगतो : बाणाग्रांची पेटी आणि शंखांवरची पांढरी पूड

प्रश्न : ओहायोत कोलंबसजवळ राहतो. शेजारच्या वयस्कर शेतकऱ्यांनी त्यांच्या शेतात नांगरटीत वर आलेली साठेक दगडी बाणाग्रं मला दिली आहेत. सध्या ती बिस्किटांच्या डब्यात कापसात ठेवली आहेत. भिंतीवर लावता येईल आणि झाकण उघडून एखादं पाहुण्यांच्या हातातही देता येईल, अशी काचेची लाकडी पेटी घरीच करायची आहे. हातकरवत आणि ड्रिल आहे, टेबल-सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) जवळच्या सार्वजनिक वर्कशॉपमध्ये मिळते. मापांसकट सांगाल का?

उत्तर : पेटी होईल तेव्हा होईल, बाणाग्रं मात्र आजच डब्यातून काढा. चकमकीचा दगड चाकूच्या पात्याला दाद देत नाही, पण दुसऱ्या चकमकीवर आपटला की धारेची कपची उडते. जुन्या, मळकट झालेल्या पृष्ठभागावर असा ताजा टवका लांबूनही ओळखू येतो. कापूसही नको. त्याचे तंतू धारेच्या बारीक दातांत अडकतात आणि ओढून काढताना पुन्हा टवके जातात. तूर्त एकेक बाणाग्र छोट्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा.

आणखी एक, शेजाऱ्यांकडून चार ओळींचं पत्र लिहून घ्या : शेत कुठलं, साधारण कोणत्या वर्षांत सापडली, आणि सही. खासगी जमिनीवरची, मालकाने दिलेली बाणाग्रं बाळगायला सहसा अडचण येत नाही. मात्र संघराज्याच्या आणि आदिवासी जमातींच्या जमिनीला १९७९चा पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायदा लागू आहे, आणि दफनस्थळातल्या वस्तूंचे नियम आणखी कडक आहेत. तुमची त्यातली नाहीत हे उद्या सांगायला कागद लागेल.

आता मापं. ती आतून बाहेर ठरवायची, म्हणजे आधी बाणाग्रांना जागा आणि मग लाकूड. तुम्ही लांबी कळवलेली नाही, म्हणून दीड ते दोन इंच धरू. प्रत्येकाला २ इंच रुंद आणि अडीच इंच उंच घर दिलं की दोन इंचांत दगड आणि खालच्या अर्ध्या इंचात क्रमांकाची चिठ्ठी बसते. दहा घरांच्या सहा ओळी, म्हणजे साठ घरं. आतलं माप २० × १५ इंच. तीन इंचांपुढचे दगड असतील तर त्यांना दोन घरं द्या. असे मोठे दगड बहुधा बाणाचे नसतातच. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात धनुष्य बरंच उशिरा, गेल्या दीडेक हजार वर्षांत रुळलं. त्याआधीची टोकं फेकायच्या भाल्याची, नाहीतर सुरीची. तेव्हा नोंदीत सरसकट ‘बाणाग्र’ लिहू नका.

लाकडाच्या दुकानात १ × ३ नावाने मिळणारी पॉपलरची आठ फुटी पट्टी एक घ्या. नाव १ × ३ असलं तरी ती भरते पाऊण इंच जाड आणि अडीच इंच रुंद. इथेच पुष्कळांचं गणित चुकतं. पेटीचं बाहेरचं माप २१ इंच ४ सूत × १६ इंच ४ सूत येईल (आठ सुतांचा एक इंच), चारही बाजूंची बेरीज ७६ इंच. ९६ इंचांच्या पट्टीत करवतीची घट धरूनही लाकूड उरतं. पट्टी निवडताना एक डोळा मिटून लांबीवरून बघा. पिळलेली पट्टी रंध्याने सरळ करत बसण्यापेक्षा दुसरी उचलावी. याशिवाय पाव इंची प्लाय तळासाठी, पाव इंच चौकोनी बीडिंगच्या चार फुटी दोन पट्ट्या, एक सूत जाडीची काच, दीड इंची पितळी बिजागऱ्या दोन आणि एक छोटी कडी.

पट्टीचे तुकडे करण्याआधी, ती आठ फूट अखंड असतानाच, आतल्या अंगाला दोन्ही कडांवर पायरीसारखी खाच पाडून घ्या. वरची पाव इंच रुंद आणि तीन सूत खोल, काच आणि बीडिंगसाठी. खालची पाव इंच रुंद आणि पाव इंच खोल, प्लायसाठी. तुकडे केल्यावर खाच पाडायला गेलात तर चार तुकड्यांच्या खाचा चार उंचींवर येतात.

मग ४५ अंशांचे काप. कोपऱ्यात फट पडते तिची कारणं दोनच. समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या नसतात, किंवा पातं अर्ध्या अंशाने चुकलेलं असतं. आठ कापांत अर्धा-अर्धा अंश मिळून चार अंश होतात, आणि ते सगळे शेवटच्या कोपऱ्यात तोंड उघडून दिसतात. टेकण लावून समोरासमोरच्या बाजू एकाच मापावर कापा. पातं गुण्याने तपासा, मशीनवरच्या खुणेवर विसंबू नका.

जोडायची सोपी रीत अशी. चारही तुकडे बाहेरची बाजू वर करून एका रांगेत, टोकाला टोक भिडवून ठेवा आणि सांध्यांवर रुंद पॅकिंग टेप ताणून लावा. रांग उलटी करा, कापांत पांढरा लाकडी गोंद भरा आणि चटईसारखी गुंडाळून चौकट मिटवा. तिरप्या कापाचं लाकूड गोंद पितं. म्हणून आधी पातळ हात द्या, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा हात. हे टाळलं की सांधा वाळल्यावर कोरडा पडतो आणि सहा महिन्यांनी हातात येतो. काटकोन तपासायला या मापाची एक सोय आहे : २० आणि १५चा कर्ण बरोबर २५ इंच. आतून दोन्ही कर्ण २५ भरले की चौकट काटकोनात आली. एक सूतभर फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर शिकंजा आवळा. गोंद ओला असतानाच खालच्या खाचेत २० इंच ४ सूत × १५ इंच ४ सूतचा प्लाय गोंदाने बसवा. चौकट धरून ठेवायचं काम तोच करतो.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यावर बाहेरून आडव्या चिरा पाडून त्यांत सूतभर जाडीच्या लाकडी चिपा गोंदाने बसवा. वरून पाच सुतांवर एक, खालच्या भागात दोन. वरची चीर त्याहून वर नेऊ नका, तिथे आत काचेची खाच आहे. नुसत्या गोंदाच्या तिरप्या सांध्यावर झाकण उघडझाक सोसत नाही.

झाकण वेगळं करायचं नाही, याच पेटीतून कापून काढायचं. वरच्या कडेपासून पाऊण इंच सोडून टेबल-सॉवर आधी लांब बाजू कापा, मग आखूड. शेवटची बाजू कापण्याआधी झालेल्या कापांत सूतभर जाडीच्या चिपा घालून टेप लावा. नाहीतर झाकण खाली बसतं, पातं चिमटीत सापडतं आणि मशीन तुकडा अंगावर फेकतं. पात्याने सूतभर लाकूड खाल्लं की खालचा भाग उरतो १ इंच ५ सूत. दोन्ही भाग एकाच लाकडाचे असल्यामुळे रेषा आपोआप जुळतात. वेगळं झाकण करून ते जुळवत बसणारे निम्मा वेळ पॉलिश पेपर घासण्यात घालवतात.

भिंतीवर टांगायची तर बिजागरी आखूड बाजूला लावा, कपाटासारखी. टोकांपासून तीन-तीन इंच सोडून पात्याच्या जाडीइतकीच खाच पटाशीने काढा. खाच न काढता बिजागरी वरूनच ठोकली तर त्या बाजूला सूतभर फट राहते आणि धूळ तिथूनच शिरते. पितळी स्क्रू मऊ असतो. बारीक भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढा, मग पितळी बसवा, म्हणजे त्याचं डोकं तुटणार नाही.

लाकडाला १२०, १८०, २२० असा पॉलिश पेपर आणि चपड्याचे तीन पातळ हात द्या. काच सर्वांत शेवटी : २० इंच ३ सूत × १५ इंच ३ सूत. खाचेपेक्षा सूतभर लहान, मुद्दाम. दुकानदाराला खाचेचं माप सांगितलंत तर तंतोतंत कापलेली काच पावसाळी, दमट महिन्यांत लाकूड हललं की तडकते. कोपऱ्यांत सिलिकॉनचा एकेक ठिपका द्या आणि वरून बीडिंग बारीक खिळ्यांनी बसवा. सिलिकॉन बिनवासाचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं आम्ल सोडतं.

तळाशी अर्ध्या इंचाचे पांढऱ्या पॉलिथिलीन फोमचे दोन थर, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला. सोफ्याचा पिवळा फोम नको. तो काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो. फोमवर मांजरपाट ओढा. तो आधी दोनदा गरम पाण्यात, सॉफ्टनर न घालता धुवा म्हणजे खळ निघेल. कापड मागच्या बाजूला टाचण्यांनी अडकवा, गोंदाने नाही. गडद मखमल दिसायला भारी, पण तिचा रंग सुटतो आणि प्रत्येक कण तिच्यावर दिसतो. शिवाय तुमच्या भागात कशॉक्टनकडचा काळसर चकमक सापडतो, तो गडद कापडावर दिसणारच नाही. लिकिंग काउंटीतल्या फ्लिंट रिजचा गुलाबी-मधाळ दगडही मांजरपाटाच्या मळखाऊ पांढऱ्यावरच उठतो. कापड ते काच पाऊण इंच मोकळं राहतं, ते पुरेसं आहे.

बाणाग्र धरायला इंचभर लांबीच्या स्टेनलेस टाचण्या, प्रत्येकी तीन. दोन खांद्यांखाली आणि एक टोकाजवळ, किंचित आत झुकवून. पाच सूत फोममध्ये, तीन सूत वर. वरच्या भागावर इलेक्ट्रिशियन वापरतात ती बारीक हीट-श्रिंक नळी (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी) चढवा, म्हणजे धातू दगडाला लागत नाही. नळी पीव्हीसीची नसावी. जड दगडाला टाचण्यांच्या जोडीला मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा एक फेरा फोमच्या मागे नेऊन बांधा.

सगळं मिळून वजन चार किलोच्या आसपास जाईल. पेटी पातळ प्लायवर टांगू नका. ४५ अंशांत कापलेल्या आडव्या पट्ट्यांची जोडी करा. एक पट्टी पेटीच्या मागे, तिचे स्क्रू चौकटीच्या पाऊण इंची बाजूंत जायला हवेत. दुसरी भिंतीवर, लाकडी स्टडमध्ये, म्हणजे भिंतीच्या आतल्या उभ्या खांबात. तिकडे स्टड सहसा १६ इंचांवर असतात, त्यामुळे या रुंदीत एक नक्की सापडतो.

प्रश्न : न्यू जर्सीत जुन्या वस्तूंच्या बाजारात काचेची फ्रेम घेतली. आत पुठ्ठ्यावर बावीस बाणाग्रं सूर्याच्या आकारात चिकटवली आहेत. ती सोडवून नीट पेटीत लावायची आहेत. ओढली तर निघतील का?

उत्तर : ओढू नका. पातळ टोक मधोमध मोडतं, आणि मोडताना अगदी सहज मोडतं. सोडवण्याआधी संपूर्ण पुठ्ठ्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. जुने संग्राहक मागच्या बाजूला पेन्सिलीने गाव, ओढा, वर्ष असं काही लिहून ठेवत. बाणाग्र कुठून आलं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो, आणि हौशी माणूस नेमका तोच पुठ्ठा कचऱ्यात टाकतो. प्रत्येक जागेला क्रमांक देऊन मगच कामाला लागा.

पुठ्ठा मागून ब्लेडने तासत न्या, दगडामागे पातळ पापुद्रा राहील इतपत. आता गोंद ओळखायचा. कडेला कोमट पाण्याचा बोळा पाच मिनिटं धरा. पांढरा गोंद किंवा सरस असेल तर मऊ पडून दुधाळ होतो, मग पापुद्र्यासकट दगड कोमट पाण्यात भिजत घाला. ग्लू-गनचा मेणचट गोंद पाण्याला बधत नाही. त्याच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं की तो दगडाची पकड सोडतो. फेव्हिक्विकच्या जातीचा काचेसारखा टणक गोंद ॲसिटोनमध्ये मऊ होतो. दगड झाकणाच्या काचेच्या बरणीत, ॲसिटोनच्या बोळ्यासोबत रात्रभर ठेवावा. खिडक्या उघड्या, जवळपास देवघरातला दिवाही नको. एपॉक्सी असेल तर हट्ट सोडा. मागे ठिपका राहिला तरी चालेल, खरवडताना गेलेली कपची परत येत नाही.

दगडावर कुठे शाईने बारीक क्रमांक दिसला तर ॲसिटोन आणि अल्कोहोल दोन्ही त्याच्यापासून दूर ठेवा.

नव्या पेटीत काहीही चिकटवू नका. दुकानात मिळणारं मऊ मेणही सच्छिद्र दगडावर तेलकट डाग सोडतं.

प्रश्न : काच की ॲक्रिलिक? घरात लहान मुलं आहेत. (बंगळुरू)

उत्तर : मुलं असतील तर ॲक्रिलिक, ३ मिलीमीटर. तेवढ्याच काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं असतं. त्याचे तीन दोष माहीत असू द्या. त्यावर ओरखडे पडतात, कोरड्या फडक्याने पुसलं की स्थिर विजेमुळे धूळ उलट ओढली जाते, आणि दोन फुटांपुढच्या मापात मध्ये झोल येतो. पुसायला ओलं मऊ सुती कापड वापरा. काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रवाने त्यावर जाळीदार तडे जातात. टफन्ड काचही चालेल, फक्त ती टफन केल्यावर कापता येत नाही, त्यामुळे माप एकदाच आणि बरोबर द्या.

प्रश्न : मिशिगनमध्ये ओकच्या लाकडाची सुंदर पेटी केली आहे. दगडांसोबत त्यात तांब्याचं एक जुनं भाल्याचं टोक आहे. वर्षभरात त्यावर फिक्या हिरव्या पुटकुळ्या आल्या. लिंबाने स्वच्छ करू का?

उत्तर : लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर, काहीही लावू नका. मिशिगनच्या उत्तरेकडच्या किविनॉ द्वीपकल्पात तांबं शुद्ध धातूच्या रूपात मिळे. महासरोवरांच्या काठचे लोक ते न वितळवता ठोकून टोकं घडवत. त्यावरचा गर्द हिरवा, गुळगुळीत थर म्हणजे वस्तूचं मूळ कातडं. तो घालवला की घडणीच्या खुणाही जातात.

तुमच्याकडे दोनपैकी एक गोष्ट घडते आहे. पुटकुळी काडीने हलकेच टोचून बघा. फिक्या हिरव्या पिठासारखी भुरभुरत असेल तर धातूतले क्लोराइड क्षार दमट हवेत जागे झाले आहेत. ही कीड धातू खात जाते, आणि तिला थांबवायचा घरगुती उपाय एकच : कोरडी हवा. टोक घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली राखा. पंधरा दिवसांत नवी पूड दिसली तर वस्तुसंग्रहालयातल्या जतन-तज्ज्ञाला दाखवा. पूड भुरभुरत नसेल, निळसर-हिरवा थर घट्ट चिकटलेला असेल, तर संशय तुमच्या ओकवर.

लाकूड वाळल्यावरही वर्षानुवर्षं ॲसेटिक आम्लाची वाफ सोडत राहतं. उघड्या फळीवर ती उडून जाते, बंद पेटीत साठते. ओक यात सर्वांत वाईट. सागवान, बीच, बर्च मधल्या रांगेत. स्प्रूस आणि आफ्रिकी महोगनी त्या मानाने सौम्य. एमडीएफ आणि स्वस्त प्लायच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड निघतं, ते वेगळंच. चकमकीला, गारगोटीला याने काडीचाही फरक पडत नाही, म्हणून नुसत्या दगडांच्या पेटीला कुठलंही लाकूड चालतं. तांबं, शिसं, शिंपला, हाड आलं की लाकूड निवडून घ्यावं लागतं.

पेटी टाकून द्यायची नसेल तर आतून ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावा, सांधे एकमेकांवर चढवून. वॉर्निशचे चार हात दिले की झालं असं समजू नका. त्याने वाफ मंदावते, थांबत नाही, आणि तेलाचं वॉर्निश स्वतःच महिनाभर वाफ सोडतं. लाकूड कसं आहे ते पाहायचं असेल तर गळाला लावायचं शिशाचं वजन पॉलिश पेपरने चकचकीत करा. काचेच्या बरणीत त्या लाकडाचा तुकडा, पाण्याने भरलेलं छोटं बूच आणि शिसं ठेवून झाकण लावा. शेजारी दुसऱ्या बरणीत फक्त पाणी आणि शिसं. महिनाभर उबेला ठेवा. पहिल्या बरणीतल्या शिशावर पांढरी पूड आली आणि दुसऱ्यात नाही, तर ते लाकूड नको. संग्रहालयं हीच परीक्षा ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस, शिसं, चांदी आणि तांबं घेऊन करतात.

सिलिका जेल किती घ्यावं हा पुढचा प्रश्न येईलच. घनमीटरला २० किलो हा ढोबळ हिशेब. पहिल्या उत्तरातल्या पेटीत आत साडेआठ लिटर जागा असते, म्हणजे १७० ग्रॅम, धरून चाला २००. घरगुती पेटी हवाबंद नसते, त्यामुळे जेल लवकर ओलावतं. नारिंगी रंगाचं घ्या, हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवा.

प्रश्न : रत्नागिरी. शंख-शिंपल्यांसाठी सुताराकडून सागवानी काचपेटी करून घेतली. दोन पावसाळ्यांत शंखांवर पांढरी बुरशी आली. डेटॉलने पुसली, परत येते.

उत्तर : ती बुरशी नव्हे, म्हणून डेटॉलला दाद देत नाही. वरच्या उत्तरातलीच लाकडाची वाफ. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाच्या वाफेने त्याचे क्षार होतात आणि ते पांढऱ्या सुयांसारखे वर येतात. ‘बाइनचा रोग’ म्हणून हा प्रकार शंख जमवणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. कोकणातली दमट हवा त्याला दुप्पट साथ देते, आणि समुद्राचं मीठ न धुता ठेवलेले शंख तर आधी जातात.

शंख दोन दिवस साध्या पाण्यात ठेवा, पाणी चारदा बदला, शेवटचं पाणी फिल्टरचं. पंख्याखाली आठवडाभर वाळू द्या, शंखाच्या आतल्या वेटोळ्यात ओल राहते. गेलेली चकाकी परत येणार नाही, तेल लावून ती आणू नका. पेटीला फॉइलचं अस्तर द्या, किंवा शंख झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांत ठेवून डबेच पेटीत मांडा. अजून पेटी करायची असेल तर शंखांसाठी ॲल्युमिनियम-काचेचं शोकेस लाकडापेक्षा केव्हाही बरं. आणि नवे शंख विकत घेताना जपून : काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

प्रश्न : नेवासा तालुक्यात आमच्या शेताच्या उतारावर अर्धपारदर्शक दगडाची, बोटभर लांबीची धारदार पाती सापडतात. अमेरिकेत असलेल्या भावाला बाणाग्रांच्या पेट्यांचं वेड आहे. काही पाती त्याला पाठवू का?

उत्तर : नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुम्ही सांगता ती पाती बहुधा कॅल्सिडनीची, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या अर्धपारदर्शक दगडाची असावीत. ती एकेकटी बाणाग्रं नव्हेत. अशी पाती ओळीने लाकडी किंवा हाडाच्या खोबणीत डिंकासारख्या द्रव्याने बसवून विळा, सुरी किंवा टोक तयार होई. नेवाशात १९५४ ते ५६ दरम्यान पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं आहे, त्यामुळे तुमच्या उताराकडे अभ्यासकांचं लक्ष जायला कारण आहे.

पाती उचलू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची खूण साठवा, नांगरट किती खोल होते ते लिहा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. जागेवरून हललेलं पातं अभ्यासकाला निम्मंच बोलतं. भावासाठी हल्लीच घडवलेल्या प्रतिकृती उत्तम. अमेरिकेत चकमक फोडून टोकं करणारे हौशी कारागीर पुष्कळ आहेत. प्रतिकृतीच्या बुडख्यावर वर्ष कोरलेलं असावं, म्हणजे पुढे कोणी ती जुनी म्हणून विकणार नाही.

प्रश्न : बाणाग्रांवर क्रमांक कशाने लिहावा? नेलपॉलिशवर पेनने लिहितात असं ऐकलं.

उत्तर : नेलपॉलिश पिवळं पडतं आणि सोलून निघतं, निघताना क्रमांक घेऊन जातं. पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ ॲसिटोनमध्ये विरघळवलेली मिळते. तिचा तांदळाच्या दाण्याएवढा पट्टा कमी देखण्या बाजूवर, धारेपासून लांब द्या. वाळला की बारीक टाकाने काळी शाई, गडद दगडावर पांढरी ॲक्रिलिक शाई. आकडा दोन-तीन मिलीमीटर उंच. शाई पूर्ण वाळल्यावर वरून राळेचा दुसरा हात, एकाच ओढीत. फिरवून फिरवून लावलात तर खालचा थर विरघळून आकडा फिसकटतो. हा पट्टा पुढे कधीही ॲसिटोनच्या बोळ्याने निघतो. वहीत त्याच क्रमांकापुढे लांबी, वजन, दगडाचा रंग, जागा आणि कोणी दिलं ते पेन्सिलीने लिहा. पेटीतल्या चिठ्ठीवर मात्र फक्त क्रमांक, कारण उन्हाने पहिली फिकी पडते ती चिठ्ठी.